जाफर परकार आणि रीम

बाणकोटचा जाफर परकार सौदीतल्या हफ्र अल बातिनला ड्रायव्हर म्हणून गेला आणि बरीच वर्षं ड्रायव्हरच राहिला. मग त्याच्या कफिलाच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाच्या, अबू माजिदच्या मळ्यावरचा सुदानी गडी काम सोडून गेला आणि तिथली तीन शिकारी कुत्री जाफरच्या गळ्यात पडली. सलूकी जातीची, लांब पायांची, बरगड्या मोजता येतील अशी.

फोनवर त्याची बायको इस्मत घाबरली. "लाळ लागली तर? नमाज कसा पढणार तुम्ही?"

"सात वेळा धुतो. त्यात एकदा मातीने."

त्याला नळाखाली असे हात घासताना बघून अबू माजिदचा म्हातारा बाप हसला. "यांना कुत्रा म्हणू नकोस. हे हुर आहेत."

हुर म्हणजे मोकळा, एवढं जाफरला ठाऊक होतं. म्हाताऱ्याने आणखी सांगितलं. हातावरच्या ससाण्याला हुर म्हणतात. रक्तात भेसळ नसलेल्या घोड्याला म्हणतात. कुणाचा गुलाम नसलेल्या माणसालाही म्हणतात.

"मग मी?" जाफरने गमतीने विचारलं.

"तुझा पासपोर्ट माझ्या मुलाच्या कपाटात आहे," तो म्हणाला आणि चहा प्यायला लागला.

तिघांतली रीम नावाची कुत्री जाफरच्या मागे मागे फिरायची. तो डबा उघडून बसला की ती पायाशी पडून राही. त्याने तिला कधी हाकललं नाही. नंतर हात तेवढे धुवायचा.

थंडीत ससे धरायला सगळे वाळवंटात गेले. भरधाव पळताना रीमचा पुढचा पाय बिळात अडकला आणि काडीसारखा मोडला. अबू माजिदने खाली वाकून बघितलं.

"खलास. राहू दे इथेच. हुर आहे, तिचं ती बघेल. यल्ला, चल."

गाडी जाफरच चालवत होता. आरशात त्याला ती तीन पायांवर मागे पळताना दिसत राहिली. मग धूळच दिसली.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याला डिझेल आणायचं सांगून तो पिकअप घेऊन गेला. एका झुडपाखाली ती सापडली. त्याला बघून तिने शेपटी हलवली, पण उठली नाही. त्याने तिला उचलून छातीशी धरलं. मळ्यावर आणून चाऱ्याच्या खोलीत ठेवलं, पायाला फळी बांधली, कापसाने दूध पाजलं. पाय काळा पडत गेला. शुक्रवारी दुपारी तो नमाजाहून परतला तेव्हा ती गेलेली होती. खड्डा खणत असताना अबू माजिदची गाडी आली.

कुत्रीबद्दल तो फारसं बोलला नाही. "माझी गाडी न विचारता नेलीस?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिला.

पुढे इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, दाखवायची वेळ आली तेव्हा कचेरीतला माणूस म्हणाला, "तुझ्यावर हुरूब लागलाय."

जाफरला वाटलं, हा म्हाताऱ्याचा हुर तोच शब्द. जरा आशाही वाटली. शेजारच्या मलबारी माणसाने हिंदीत समजावलं, "तू पळून गेलास अशी कफिलाने तक्रार केलीये. हुरूब म्हणजे पळणं."

"पण मी तर मळ्यावरच राहतो!"

कुणी ऐकलं नाही. पोलीस कोठडी, मग परत पाठवायच्या लोकांची बराक. बोटांचे ठसे घेऊन त्याला विमानात बसवलं. कामाला पुन्हा त्या देशात पाऊल ठेवायचं नाही.

बाणकोटात तो एक पिशवी घेऊन उतरला. गावाने ठरवून टाकलं की परकाराने कफिलाकडे चोरी केली. नूरैनच्या, त्याच्या मुलीच्या, लग्नाची ठरत आलेली बोलणी त्यातच थांबली.

"खरं काय ते सांगा ना लोकांना," इस्मत म्हणाली.

"काय सांगू? कुत्रीसाठी नोकरी घालवली म्हणून?"

नूरैन आतल्या खोलीत होती. तिने ऐकलं असावं, कारण भांड्यांचा आवाज थांबला. मग ती दारात आली आणि म्हणाली, "त्या कुत्रीचं नाव काय होतं?"