दर रविवारी पाचला सुटणारं गलबत

भरतीची वेळ रोज बदलते हे लक्षात न घेता मी वसईत शिडाच्या बोटीतून सहली काढणारी कंपनी सुरू केली.

अगदीच अडाणी नव्हतो मी. शाळेत चंद्र, पृथ्वी आणि मधले बाण काढून दहापैकी आठ गुण मिळवले होते. पण वहीतल्या त्या चंद्राचा पाचूबंदरच्या चिखलाशी काही संबंध असेल, हे एकतीस वर्षं कारखान्यात पाळ्यांची वेळापत्रकं लावणाऱ्या माणसाला कसं सुचावं? माझ्या वेळापत्रकापुढे भले भले फोरमन हलत नसत. समुद्र काय, हलणार नाही असं मी धरून चाललो.

निवृत्तीनंतर रोज सकाळी फिरायला जायचो तो पाचूबंदरच्या धक्क्यापर्यंत. तिथे एका नाखव्याची बोट बरेच महिने नुसती उभी दिसायची. नाखवा म्हणजे बोटीचा मालक, माझ्याच वयाचा, बोलायला कंजूष. खलाशी मिळेनात आणि मासळीही हात देईना, म्हणून बोट बांधून ठेवलेली. मला त्या बोटीवर एकदम पांढरं शीड दिसायला लागलं. किल्ल्याच्या तटाखालून गलबत चाललंय, माणसं हातात चहा घेऊन सूर्यास्त बघतायत आणि डोलकाठीजवळ पांढऱ्या टोपीत मी.

"शीड आमच्या आजानं उतरवलं, इंजिन आलं तवा," नाखवा म्हणाला. "आता परत चढवायचं?"

"इंजिन असू दे गुपचूप खाली. लोक पैसे शिडाचे देतात."

त्याची बायको बाजूला बोंबील निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मासली गप ऱ्हाते, साहेब. मानसं बोलतात. बघा बाबा."

मी हसलो. बाईंना धंद्यातलं काय कळतंय, असं ते हसणं होतं. आज आठवलं की स्वतःचेच दात पाडावेसे वाटतात.

डोलकाठी, शीड, बाकडी, रंग, लाइफ जॅकेटं, परवाने. माझी शिल्लक त्यात गेलीच, वर पतपेढीचं कर्ज काढलं. कंपनीचा संचालक मी, त्यामुळे सहीसाठी नवं पेन मी घेतलं. गहाण मात्र नाखव्याची बोट पडली, कारण आमच्या कंपनीत गहाण पडण्यासारखी तेवढी एकच वस्तू होती. कागदावर अंगठ्याएवढी जाड सही करताना त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "साहेब, बोट ऱ्हाईल ना?"

"नाखवा," मी म्हणालो, "पुढच्या वर्षी दुसरी घेऊ."

मग मी पत्रक छापलं. 'दर रविवारी सायंकाळी ठीक पाच वाजता.' 'ठीक' हा शब्द ठळक. वसई स्टेशनपासून नालासोपाऱ्यापर्यंत सोसायट्यांमध्ये फिरून दिवाळी ते होळी असा पूर्ण हंगामच आगाऊ विकून टाकला. माणसं विश्वासू, भरून मोकळी झाली.

पत्रक नाखव्याला दाखवलं. त्याने ते बराच वेळ हातात धरलं.

"रविवारी तिथी कंची?"

"नाखवा, सहल आहे, लग्न नाही!"

त्याने पत्रक घडी करून खिशात ठेवलं. नंतर मी विचारलं की तेव्हाच का बोलला नाहीत, तर म्हणाला, "तुम्ही शिकलेले. म्हटलं, काय तरी आसंल तुमचं."

पहिला रविवार आला तो नेमका अष्टमीचा. पाचला धक्क्याला पाणी टम्म, वारा गोड. शीड फुगलं तेव्हा टाळ्या पडल्या. एक काका म्हणाले, "तुम्ही आधी का नाही निवृत्त झालात?" मी टोपी सावरली. घरी जाऊन बायकोला म्हणालो, "धंदा म्हणजे नियोजन." ती म्हणाली, "एकच रविवार झालाय."

दुसरा रविवार पौर्णिमेचा.

दुपारी एकला नाखव्याचा फोन. "साहेब, निघायचं आसंल तर आत्ता निघू. पानी चाललं."

"लोक पाचला येणार आहेत."

"लोक येतील. पानी ऱ्हानार नाय."

"पाच म्हणजे पाच!" असं म्हणून मी फोन ठेवला आणि पंधरा मिनिटं झोप काढली.

पाचला पोचलो तर आमचं गलबत धक्क्यापासून बरंच खाली, चिखलात कुशीवर झोपलेलं. पाणी लांबवर, पत्र्यासारखं चकाकणारं. मध्ये नुसता काळा गाळ आणि त्यात उड्या मारणारे निवटे मासे. आणि धक्क्यावर गॉगल, टोप्या, कॅमेरे लावून उभी असलेली चाळीस माणसं.

इथे शहाण्या माणसाने माफी मागून सगळ्यांना घरी पाठवलं असतं. मी म्हणालो, "पाणी येतंच आहे, तोवर आत बसून घ्या." फळी टाकून त्यांना खाली उतरवलं. तिरक्या बाकड्यांवर एकमेकांच्या अंगावर घसरत त्यांनी वडे खाल्ले. सूर्य वेळेवर मावळला, तेवढं एकच माझ्या पत्रकाप्रमाणे झालं. एक आजी म्हणाल्या, "सूर्यास्त छान हो, पण समुद्र कुठे ठेवलात?" त्यांच्या जावयाने व्हिडिओ काढला. साडेसहाला लोकांचा धीर संपला, चपला हातात घेऊन सगळे परत फळी चढले. फळी हलली आणि दोघंजण गुडघ्यापर्यंत गाळात गेले. ते नेमके माझ्याच सोसायटीचे चेअरमन आणि सेक्रेटरी.

त्या दिवशी धक्क्यावर बसून नाखव्याने मला बोटांच्या पेरांवर तिथ्या मोजून दाखवल्या. अष्टमीला संध्याकाळी भरती, तर आठवड्याने त्याच वेळेला ओहोटी. म्हणजे माझ्या हंगामातला एक रविवार पाण्याचा, एक चिखलाचा, थेट होळीपर्यंत. आणि ते सगळे रविवार मी विकलेले.

पुढचं भराभर झालं. चिखलाच्या रविवारचे पैसे लोकांनी परत मागितले, व्हिडिओ पाहून पाण्याच्या रविवारचेही मागितले. पैसे तर शीड होऊन वर टांगलेले. लिफ्टमध्ये मला कोणी पाणी केव्हा येणार विचारलं, तरी नळाचं की समुद्राचं हे कळायचं नाही. कंपनी होळीही बघू शकली नाही.

आणि पतपेढीची नोटीस आली ती नाखव्याच्या नावाने. तो ती घेऊन माझ्या घरी आला. खुर्चीत बसला नाही, दाराशीच उभा राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाला, "साहेब, नेतील का वो बोट?"

तो गेल्यावर मी बायकोला समजावू लागलो की कायद्याने कंपनी वेगळी आणि संचालक वेगळा.

"अहो, टोपी कुणी घातली होती?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गाडी विकायला काढली. मुदत ठेव मोडली. निर्मळ गावातली जमीन, जिथे केळी लावून म्हातारपणी झोपाळ्यावर बसायचा बेत होता, तीही गेली. लोकांचे पैसे फिटले, पतपेढीचं कर्ज फिटलं. बोट मोकळी झाल्याचं पत्र हातात आलं तेव्हा मला खरं सांगतो, इतकं हलकं वाटलं की मी रिक्षाही न करता पाचूबंदरपर्यंत चालत गेलो.

शेवटी दोन खलाशी मिळाले होते आणि बोट नुकतीच मासे घेऊन लागली होती. डोलकाठी काढलेली, शीड किनाऱ्यावर पसरून त्यावर जवळा वाळत घातलेला. नाखव्याने पत्र वाचलं, परत वाचलं, आणि बोटीच्या कडेवर नुसता तळहात ठेवून उभा राहिला. त्याची बायको पाटी उचलता उचलता थांबली. पदराने डोळे टिपले तिने, मी पाहिलं.

मला भरून आलं. आणि भरून आलं की मला कल्पना सुचतात. म्हणालो, "नाखवा, आता तिथ्या कळल्यात. पुढच्या हंगामाला जर आपण नुसत्या अष्टमीच्या—"

"साहेब," पाटी डोक्यावर चढवत ती म्हणाली, "मानूस तुम्ही लय चांगले. पन घरी बसून चांगले."