मामीचे दोनशे शब्द

माझी मामी काज-बटण करते. शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत, खिडकीशी बसून, चाळीस वर्षं. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या बोलीवर घरातले सगळे हसायचे. पाहुण्यांसमोर मुद्दाम तिला बोलायला लावायचे, आणि त्यात माझी आई सगळ्यांत पुढे. पुढे मामीच्या माहेरचं अख्खं गाव खाणीसाठी उठवलं, माणसं पांगली. मामीला ना भाऊ, ना बहीण.

मी बोलींचा नकाशा करणाऱ्या कचेरीत आहे. जुन्या पाहणीची कार्डं संगणकात घालायची आणि एकेका शब्दाला जोडून द्यायचं: कोण बोललं, कुठलं, कधी. मग बोली कुठून कुठे गेली, कधी बदलली, ते नकाशावरच्या गावोगावच्या ठिपक्यांवर दिसतं. परवा मामीचीच कार्डं हाती आली. दोनशे शब्द, लग्नाच्या वर्षातले. आणि त्या दीडशहाण्या पाहणीवाल्याने गावाच्या रकान्यात काय लिहावं? सासर! बाई नवऱ्याच्या घरात बसलीये, म्हणजे तिथलीच. कपाळ माझं! माहेरचा ठिपका कोरा, आणि सासरी तिचे शब्द कुणाशीच जुळेनात, म्हणून संगणकाने ते चुकीचे ठरवलेले.

साहेब म्हणाले, "शब्द माहेरचे आहेत असं बाईंनी लिहून दिलं, तर गाव बदलू. शुक्रवारपर्यंत. नाहीतर काढून टाका."

मी धावतच गेले. मामीपुढे बसून यादी वाचली. दहाबारा शब्दांनंतर तिची सुई थांबली.

"तुझेच आहेत ना, मामी?"

"नाही."

"अगं, कार्डावर तुझं नाव आहे!"

"असेल. असलं गावंढळ मी कधी बोलले नाही."

"मामी, तुझं अख्खं गाव जाईल यातून. एक सही कर!"

"चारचौघांत दाखवशील. परत हसतील."

मला इतका राग आला! खरं तर तिचा नाही, पण काढला तिच्यावरच. ओरडले, "हसायला उरलंय कोण आता? आईसुद्धा गेली!"

मामीने दोरा दाताने तोडला. "मी आहे ना," ती म्हणाली. "आत्ता तू वाचत होतीस, तर मलाच हसू येत होतं."

शुक्रवारी ते दोनशे शब्द मी काढून टाकले. माहेरच्या गावापुढे लिहिलं, बोलणारं कोणी सापडलं नाही.