शेवंताची जागा

हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. पत्नीला नाही, ती गेली. मुलांना सांगावे असे कधी वाटले नाही. तुम्हालाच का सांगतो आहे, ते विचारू नका — मलाही ते नीट ठाऊक नाही.

मी एकोणचाळीस वर्षे रुग्णालयांत परिचारक म्हणून नोकरी केली. लोक ‘ब्रदर’ म्हणत. निवृत्तीच्या समारंभात माझ्या कामाबद्दल चांगले बोलले गेले, सचोटीबद्दल त्याहून चांगले. मी खाली मान घालून ऐकून घेतले. माणूस असे किती काळ ऐकून घेऊ शकतो? — बराच काळ घेऊ शकतो.

त्या नोकरीची सुरुवात कशी झाली, ते सांगायचे आहे.

एकोणीसशे साठच्या दशकातील पहिली वर्षे. मी सांगलीला परिचर्येचे शिक्षण घेत होतो. आमच्या तुकडीत मुलगे दोघेच. वडील पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार, साताऱ्याजवळच्या आमच्या गावात पारावर बसून ते माझ्यादेखत सांगत, “पोरगं बायकांचं काम शिकतंय.” ते मला लागे. पण घरी खाण्यापिण्याची ददात नव्हती. हे मुद्दाम नोंदवतो — पुढे माझ्यासाठी कारण शोधू नका.

तुकडीत शेवंता होती. आटपाडीकडची. तिच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. कामात ती आम्हा सर्वांच्या पुढे होती. हे मला तेव्हाही मान्य होते, फक्त मी ते मोठ्याने म्हणत नसे. तिच्या चुलत्याने तिला मुदत घातली होती. निकालापूर्वी नोकरीचे पत्र घरी आले, तर मुलगी नोकरी करील. नाही तर एक बिजवर पाहून ठेवलेला होता, दोन मुलांचा बाप. हे तिनेच सांगितले होते — बँडेजच्या घड्या घालता घालता, हसत. “पत्र आलं न्हाई तर मी एकदम दोन पोरांची आईच हुनार बगा. त्या नोकरीला परीक्षाबी न्हाई आन रजाबी न्हाई.”

शेवटच्या वर्षी पुरुषांच्या वॉर्डात विषमज्वराचा एक म्हातारा आला. तोही तिच्याच भागातला. जन्म मेंढरांमागे गेलेला. शिकाऊ मुलामुलींनी सकाळ-संध्याकाळ रुग्णांचे तांबे भरून द्यायचे, अशी आमच्याकडे पद्धत होती. पहिल्याच दिवशी म्हाताऱ्याने शेवंताला गाव विचारले, मग घर विचारले. तिने दोन्ही सरळ सांगितले. म्हाताऱ्याने हातातला तांब्या भुईवर ठेवला.

“तुज्या हातचं मी न्हाई प्यायचा.”

शेवंताने मला दुसरा तांब्या भरायला सांगितले आणि ती पुढच्या खाटेकडे गेली.

इथवरची हकीकत नीट लक्षात ठेवा. मी पुढे इथवरचीच सांगितली.

कारण नंतर असे झाले. म्हाताऱ्याचा ताप चढत गेला. शेवंताने त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या, चमच्याने पेज भरवली, तो बरळू लागला तेव्हा उशाशी बसून राहिली. सहाव्या की सातव्या दिवशी मी पाणी पाजायला गेलो, तर त्याने माझा हात ढकलला.

“सर बाजूला. त्या पोरीला बोलीव. तुजा हात लय जड हाय गड्या, मेंढरू धरल्यावानी मानूस धरतोस.”

सगळा वॉर्ड हसला. घरी जाईपर्यंत तो तिच्याच हातचे पाणी प्याला. निघताना तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, “येतो लेकी.” हे मी तीन हातांवरून पाहिले.

निकालाला महिना उरला असताना सातारा जिल्ह्यातले एक डॉक्टर — नाव सांगत नाही — आमच्याकडे आले. त्यांनी नुकतेच स्वतःचे आठ खाटांचे रुग्णालय काढले होते. जागा एक. मेट्रनने शेवंताचे नाव आधी दिले, माझे नंतर. डॉक्टरांनी दोघांना प्रश्न विचारले. तिला थोडे, मला पुष्कळ. ठरलेल्या माणसाला कोण फार विचारतो? मी काय ते समजलो.

जाताना त्यांनी मला पोर्चमध्ये थांबवले. “ती मुलगी हुशार वाटली. आमच्याकडे अजून आया नाही. पाण्यापासून सगळं नर्सनंच बघायचं. रुग्णांशी जमतं ना तिचं?”

किती साधा प्रश्न. ‘हो’ म्हटले असते की संपत होते.

मी म्हणालो — आणि आवाजात काळजी आणून म्हणालो, तेच विसरता येत नाही — “कामाला चांगली आहे, सर. फक्त खेड्यातले रुग्ण... एका म्हाताऱ्याने तिच्या हातचं पाणी भर वॉर्डात नाकारलं होतं.”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “अस्सं. बरं झालं बोललात.”

यात खोटे काय होते? एक अक्षर नाही. कितीतरी वर्षे मी त्यावर टेकून उभा राहिलो. निर्णय डॉक्टरांचा होता, काळ तसा होता, समाज तसा होता — सगळे म्हणून पाहिले. पण पोर्चमध्ये समाज नव्हता. मी होतो.

चार दिवसांत माझ्या नावाचे पत्र आले. शेवंताने विचारले, “पेढे कवा?” निकालात ती पहिली आली. पुढच्या महिन्यात तिचे लग्न लागले.

तुम्हाला वाटेल, कबुली इथे संपली. मलाही ती इथेच संपवायची होती.

चार वर्षांनी एका सकाळी बाहेरच्या रुग्णांच्या रांगेत ती उभी होती. कडेवर तापलेले मूल. नवरा ऊसतोडीला त्या भागात आला होता. तीही तोडीला जात होती. उसाच्या पाचटाने हात कापलेले. मी मुलाच्या काखेत थर्मामीटर लावू लागलो, तर तिने तो माझ्या हातातून घेतला, दोनदा झटकला, पाहिला आणि स्वतः लावला.

“आदी झटकायचा की, ब्रदर. इसरला व्हय?” ती हसली. मग म्हणाली, “बरं झालं, ही जागा तुमाला तरी मिळाली. दुसऱ्या कुनाला गेली असती तर मला लय वाईट वाटलं असतं.”

मी थर्मामीटरसाठी घड्याळ पाहू लागलो.

“इथं आयाची जागा हाय का वो? शिकलेली हाय म्हनून न्हाई सांगनार मी कुनाला. फरशी पुसीन, भांडी घासीन.”

डॉक्टर आतल्या खोलीत होते. मध्ये एक पडदा. ते तिला ओळखतील, ती वॉर्डात वावरेल, चार दिवसांत रुग्ण तिलाच हाक मारू लागतील — आणि माझे ते वाक्य अर्धेच होते, हे त्यांना कळेल. इतके सगळे मला एका क्षणात दिसले. भीतीला किती लांबचे दिसते!

“नाही,” मी म्हणालो. “इथे जागा नाही.”

“व्हय,” ती म्हणाली. “असू द्या.” औषधाची पुडी तिने पदराला बांधली आणि मुलाला घेऊन उन्हात गेली.

जागा दोन होत्या. खाटा वाढल्या होत्या, आणि कामाला बायका पाहायला डॉक्टरांनी मलाच सांगितले होते. त्याच आठवड्यात मी दुसऱ्या दोघी आणून दिल्या.

शेवंताचे पुढे काय झाले, मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही. करता आली असती.