काकांचा फ्लेक्स

संकटात लालबागचा माणूस कधी एकटा पडत नाही, असं आमच्या चाळीत अभिमानाने सांगतात. माझे काका हरवले तेव्हा ते पटलं. साठी उलटली तरी काकांना स्वतःचा पत्ता सांगता येत नसे. एका सकाळी दूध आणायला गेले ते परतलेच नाहीत. आम्ही पोलिसांत तक्रार दिली, इस्पितळं पालथी घातली. मंडळाने नाक्यावर मोठा फ्लेक्स लावला. त्यावर हात जोडलेले सात पदाधिकारी होते आणि खाली कोपऱ्यात काका.

"काकांचा फोटो जरा मोठा करा ना," मी अध्यक्षांना म्हणालो.

"अरे, बाकीच्यांना लहान कसं करू? रुसतात रे."

आठवड्याने अँटॉप हिलहून एका बाईंचा फोन आला. लालबागला मिरच्या घ्यायला आल्या असताना त्यांनी फ्लेक्स पाहिला होता. "तुमचा माणूस आमच्या कॉलनीत बाकावर बसलाय. लवकर या."

टॅक्सीत आई काकांचा धुतलेला सदरा मांडीवर घेऊन बसली होती.

बाकावर मंडळाचे खजिनदार होते. लेकीकडे आले होते.

काका अजून सापडलेले नाहीत. फ्लेक्स मात्र गेल्या वर्षी नवा लागला, कारण मंडळाची कार्यकारिणी बदलली.