मुनाफभाईंचं चौथं गाणं

शारजातलं रोल्ला ते दुबईतलं जबल अली. जाताना दीड तास, येताना देव जाणे! पाच वर्षं एकाच गाडीतून ऑफिसला गेलं की किस्से आपोआप साठतात, सीटखाली शेंगदाणे साठतात तसे. गाडी मुनाफभाईंची. मूळचे रत्नागिरीकडचे, आमच्या वेअरहाउसचे सुपरवायझर. शेजारी स्नेहा, डॉक्युमेंटेशनवाली, जन्मापासून शारजात. मागे मी आणि सगळ्यांचे डबे.

आणि सीडी प्लेयरवर कायम कुणीतरी इटालियन माणूस, स्वतःच लिहिलेली गाणी गिटारवर म्हणत असतो. कंपनीतला एक इटालियन साहेब मायदेशी परतताना मुनाफभाईंना खोकाभर सीड्या देऊन गेला. मुनाफभाईंना इटालियनचा एक शब्द येत नाही. मतं मात्र ठाम!

*

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "हा काय म्हणतोय?"

"ह्याचा हा दुसरा अल्बम. पहिल्यात भुकेला होता, म्हणून चांगला गायचा. ह्यात पोट सुटलंय. ऐक, श्वास बघ कसा घेतो!"

"तुम्हाला दिसला कुठे?" कव्हरवर नुसत्या खुर्चीचा फोटो होता.

"खुर्ची बघ ना केवढी हाय!"

*

मुनाफभाईंच्या मते अल्बम दोनच प्रकारचे. मोकळ्या रस्त्याचे आणि जॅमचे. एकदा पुढे कुठेतरी ॲक्सिडेंट झाला आणि आम्ही अडकलो. त्यांनी लगेच एका दाढीवाल्याची सीडी घातली. नऊ मिनिटांचं गाणं!

"बायको सोडून चाललीये ह्याची," मुनाफभाई म्हणाले. "मोकळ्या रस्त्यावर हे ऐकवत नाय. माणूस म्हणेल, आवर की बाबा!"

सात मिनिटं झाली. आम्ही जेमतेम चार गाड्या पुढे सरकलो होतो. मी विचारलं, "अजून गेली नाही का ती?"

"कशी जाईल? तीपण जॅममध्येच हाय."

*

खोक्यात बाईची सीडी एकच. स्नेहाला ती फार आवडायची. "She's the best one, अंकल!" मुनाफभाईंनाही पटलं होतं. दहापैकी नऊ मार्क दिले होते.

एका संध्याकाळी तीच सीडी चालू असताना भाभींचा फोन आला. मुनाफभाईंनी स्पीकरवर घेतला, पण गाणं बंद करायला विसरले. बाई नेमकी कुजबुजत गात होती.

"गाडीत कोण बाई हाय?"

"अगं, गाणारी हाय! इटलीची!"

"इटलीची?"

फोन कट. दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवर डबे दोनच होते. दुपारी माझ्या डब्यातली भेंडी खाताना मुनाफभाई म्हणाले, "तसा आवाज बरा हाय तिचा. पण दहापैकी दोन."

*

निळ्या कव्हरच्या सीडीतलं चौथं गाणं लागलं की मात्र गाडीत बोलायचं नाही. हा नियम. मुनाफभाईंनी त्या गाण्याचा अर्थ कधीच ठरवून टाकलाय. मुलगा परदेशात आहे आणि आईला सांगतोय, 'ह्या वर्षी नाही जमलं गं, पुढच्या वर्षी नक्की येतो.' मुनाफभाईंची आई गेली तेव्हा ते इथे ड्युटीवर होते. गाणं संपेपर्यंत त्यांचा रुमाल हातात असतो.

एकदा स्नेहाने फोन प्लेयरजवळ धरला. "Two seconds, अंकल. App translates everything."

मुनाफभाईंनी गाडी सरळ पेट्रोल पंपात घातली.

"फोन ठेव. खलास! आणि तो मांजर हरवलं म्हणून रडत असला तर? मग मी माझ्या आईसाठी कुठलं गाणं ऐकू?"

स्नेहाने फोन पर्समध्ये टाकला. "Sorry, अंकल." मलाही कसंतरीच झालं. उतरून तिघांना करक चहा आणला.

*

गेल्या महिन्यात कन्व्हेयर दुरुस्त करायला इटलीहून एक इंजिनिअर आला. संध्याकाळी त्याची टॅक्सी आलीच नाही. मुनाफभाई म्हणाले, "यल्ला, बसा!" स्नेहाने त्याला पुढची सीट दिली आणि मागे माझ्या शेजारी आली. गाडी सुरू झाली तशी सीडीही सुरू झाली. निळ्या कव्हरची! तिसरं गाणं संपत आलं होतं.

बंद करायला मी पुढे झेपावलो, तर सीट बेल्टने मला मागे खेचलं. चौथं सुरू झालं.

मुनाफभाईंचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. चेहरा निकाल ऐकायला बसलेल्या पोरासारखा. रुमालाला हातसुद्धा लावला नाही. इंजिनिअरने आवाज वाढवला, मान खाली घातली आणि अगदी शेवटपर्यंत ऐकलं.

गाणं संपलं. मी काही विचारू नये म्हणून स्नेहाने मला आधीच चिमटा काढून ठेवला होता.

"सुंदर!" इंजिनिअर इंग्रजीत म्हणाला. "हा सार्डिनिया बेटावरचा दिसतोय. त्यांच्या बोलीत गातोय. मी मिलानचा. मला एक शब्द कळला नाही!"

मागच्या सीटवर आम्ही दोघांनी श्वास सोडला.

तो मुनाफभाईंकडे वळला. "पण तुम्ही फार मन लावून ऐकत होता. तुम्हाला कळतं? काय म्हणतोय तो?"

मुनाफभाईंनी घसा खाकरला, आवाज कमी केला आणि त्या इटालियनला अख्खं गाणं ओळीओळीने समजावून सांगितलं.