मी सोडून वीस

शहरातल्या जुन्या इमारती दाखवणाऱ्या त्या बाईंना सगळे मोजणीबाई म्हणायचे, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. प्रत्येक दाराशी थांबायचं, छातीवर हात ठेवून ‘मी सोडून’ म्हणायचं आणि मग बोट नाचवत माणसं मोजायची. आत जाताना एकदा, आत गेल्यावर एकदा, बाहेर आल्यावर एकदा. लोक वैतागायचे. ‘बाई, आम्ही काय बकऱ्या आहोत?’ असं कुणी म्हटलं की बाई म्हणायच्या, ‘बकऱ्या परवडल्या! त्या फोटो काढत मागे राहत नाहीत.’ हशा पिकायचा, पण मोजणी काही सुटायची नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. बाईंचं तोंड चांगलंच पोळलं होतं.

सव्वीस वर्षं झाली त्याला. नोकरीचं पहिलं वर्ष, कला महोत्सवाची अशीच झुंबड. जुन्या पाणीघराचं तळघर, म्हणजे कधीच कोरडं पडलेलं पाण्याचं टाकं, दाखवून बाई वर आल्या, माणसं मोजली, वीस भरली. दारावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, ‘सगळे आले का?’ बाई म्हणाल्या, ‘हो, लावा कुलूप.’ गोष्टीतले मूर्ख स्वतःला मोजायला विसरतात. ह्या शहाणीने स्वतःलाही मोजलं होतं! खाली, शेवटच्या खांबामागे जरा टेकलेला एक माणूस राहिला. पोस्टातून निवृत्त झालेला, एकटाच आलेला, अंगात विटकरी स्वेटर आणि खांद्याला कापडी पिशवी. पुढे दोन दिवस सुट्टी होती. तिसऱ्या दिवशी दार उघडलं, तर तो वरच्या पायरीवर दाराला टेकून बसलेला. जीव केव्हाच गेला होता. ठोठावून ठोठावून बोटांची सालं निघाली होती.

चौकशी झाली. कुलूप पहारेकऱ्याने लावलं म्हणून खापर त्याच्या डोक्यावर फुटलं आणि त्याची नोकरी गेली. बाईंना विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, ‘माझी वीस भरली होती.’ एवढंच बोलल्या आणि मूग गिळून बसल्या, त्या आजतागायत. तळघर बंद झालं. बाईंना वाटलं, सुटले.

सुटल्या कसल्या! यंदा साहेबांनी सहज सांगावं तसं सांगितलं, ‘बाई, महोत्सवात पाणीघराचं तळघर उघडतोय बरं का.’

‘साहेब, ती फेरी दुसऱ्या कुणाला द्या.’

‘दुसरं आहे कोण?’

झालं. भर दुपारी वीस माणसं घेऊन बाई निघाल्या. आधी घड्याळाचा मनोरा झाला. मग जुनं नाट्यगृह, तिथे रंगमंचावर मुलींच्या नाचाची तालीम चालली होती. दोन्हीकडे आत वीस, बाहेर वीस. त्यांत एक आजी होत्या, एकट्याच आलेल्या, पायात पांढरे कापडी बूट. ऐकू कमी यायचं त्यांना. दर वाक्याला ‘काय म्हणालीस?’

‘आजी, तुम्ही माझा हात सोडायचा नाही,’ बाई ओरडून म्हणाल्या.

‘मी काय कुक्कुलं बाळ आहे?’ आजींनी हात झटकला.

पाणीघराच्या दारावर आता त्या जुन्या पहारेकऱ्याचाच मुलगा होता. बापाची नोकरी कुणामुळे गेली हे त्याला कुठून माहीत असणार? तो बाईंना मावशी म्हणायचा. चहा केला की स्वतःच्या कपातला अर्धा त्यांना ओतून द्यायचा, आणि तो घोट बाईंच्या घशाखाली उतरायचा नाही.

‘मावशी, खाली काही नाही हो. अधूनमधून आतून दारावर टकटक येते, तेवढीच. पाइप असतील.’

‘कोरड्या टाक्यात पाइप कुठले रे?’ बाई म्हणाल्या. तो हसला.

चाळीस पायऱ्या उतरल्या. दगडी खांबांच्या रांगा, मध्ये चार मिणमिणते दिवे. वर रस्त्यावर महोत्सवाचे ढोल वाजत होते, पण इथे तो आवाज पायाखालून आल्यासारखा वाटत होता. गारठा असा की माणसं आपसूक जवळ सरकली. बाईंनी छातीवर हात ठेवला. मी सोडून. बोट फिरलं आणि शेवटी एकवीसवर थांबलं.

परत मोजलं. एकवीस.

कुणी बाहेरचा फुकट्या घुसला असेल, बाईंनी स्वतःला बजावलं. पण अंगावर काटा आला तो आलाच. त्यांनी माहिती अर्ध्यावर तोडली आणि ‘चला, चला’ करत सगळ्यांना वर काढलं. मागून पहारेकऱ्याने खालचे दिवे घालवले.

उन्हात येऊन मोजलं. अठरा, एकोणीस, वीस! बाईंच्या जिवात जीव आला.

‘सगळे आले का, मावशी?’ पहारेकऱ्याने कुलूप हातात घेत विचारलं.

हो, बाईंच्या अगदी ओठावर आलं. मग त्यांना जाणवलं, तेच दार, तेच ऊन, बापाचाच प्रश्न मुलाच्या तोंडी. त्यांनी पुन्हा एकदा रांगेकडे पाहिलं. लोक कार्यक्रमपत्रिकांनी वारा घेत होते. रांगेच्या शेवटी एक माणूस पाठमोरा उभा होता. भर उन्हात अंगात विटकरी स्वेटर, खांद्याला कापडी पिशवी. आणि पांढरे बूट कुठेच दिसत नव्हते.

‘कुलूप लावू नकोस!’ बाई किंचाळल्या आणि धडपडत खाली धावल्या.

शेवटच्या खांबामागे, मिट्ट काळोखात, आजी मांडीवर हात ठेवून निवांत बसल्या होत्या. बाईंनी विजेरी मारली आणि त्यांचा दंडच धरला.

‘आजी! वर का नाही आलात?’

‘अगं, तोच म्हणाला ना, आजी, तुम्ही जरा बसा माझ्या जागेवर, मी उन्हात जाऊन येतो. फार वर्षं बसलोय म्हणाला.’

‘कोण?’ बाईंनी त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं.

‘तो स्वेटरवाला. गंमत बघ, तुझं मला एक अक्षर ऐकू येत नाही, पण त्याचं कसं स्वच्छ ऐकू आलं! बोटांना काय लागलंय ग त्याच्या? बघवत नाही.’

चाळीस पायऱ्या बाईंनी आजींना जवळजवळ उचलूनच चढवल्या.

वर आल्यावर त्यांनी छातीवर हात ठेवला आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली. आजी धरून वीस झाले. बोट रांगेच्या शेवटी, त्या पाठीपाशी थांबलं.

‘एकवीस,’ बाई म्हणाल्या.

‘बाई, आम्ही वीसच आहोत,’ कुणीतरी हसलं.

‘एकवीस. सगळे बाहेर आले.’

स्वेटरवाल्याने पिशवी नीट केली आणि मागे वळून न पाहता तो फाटकाकडे निघाला. समोरून नाचाच्या मुली खिदळत येत होत्या. त्या एकदम गप्प झाल्या, वाट देत बाजूला सरकल्या, आणि मग कुणासाठी सरकलो म्हणून एकमेकींकडे बघत राहिल्या.

माणसं पांगली. पहारेकऱ्याने दार ओढलं, सवयीने कान लावला; टकटक नव्हती. ‘मावशी, एकवीस कसे हो?’

‘तुझे वडील घरीच असतात ना रे?’

‘हो. का? ह्या दाराचं नाव काढलं की त्या दिवशी जेवत नाहीत ते.’

‘मला त्यांच्याकडे घेऊन चल. त्यांनी मला विचारलं होतं, सगळे आले का. मी हो म्हटलं. मी स्वतःलाही मोजलं होतं रे. चूक माझी होती, आणि मी ती सव्वीस वर्षं लपवली. भोगलं त्यांनी.’

त्याने कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं, किल्ली खिशात टाकली.

‘चला, बाई,’ तो म्हणाला. मावशी म्हणाला नाही.