विसावी मुलाखत

धुलाईखान्यात तिला सगळ्या जणी मास्तरीण म्हणत. ती शिकवत वगैरे नव्हती. इस्पितळाच्या चादरी, गाऊन आणि उशांचे अभ्रे धुवायच्या कामावर ती तेवीस वर्षं होती. पण जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या पाय लांब करून पडायच्या, तेव्हा ही कोरड्या कपड्यांच्या गाठोड्याला टेकून पुस्तक उघडायची. अशी बाहेरून परीक्षा देत देत पन्नाशीला ती पदवीधर झाली, आणि इस्पितळाच्या कचेरीतल्या कारकुनानं अभिनंदन करायच्या आत तिनं समाजशास्त्रात एम.ए.चा अर्ज भरला.

"आता आणखी काय राहिलंय शिकायचं?" नवऱ्यानं विचारलं. तो नुकताच चौकीदारीतून मोकळा झाला होता.

"तेच बघायचंय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा आणि भांडी त्यानं गुपचूप आपल्याकडे घेतली.

एम.ए.च्या अटींचा कागद तिनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. दोन वर्षं, चार सत्रं, सोळा पेपर, माणसांत जाऊन केलेलं संशोधन, त्यावरचा प्रबंध आणि शेवटी तोंडी परीक्षा. एकेक अट पार पडली की ती त्यावर पेन्सिलीनं रेघ मारी. संख्याशास्त्राच्या पेपरानं मात्र तिच्या नाकी नऊ आणले. पहिल्या खेपेला ती चक्क नापास झाली. मग तिच्या लक्षात आलं, की धुलाईखान्यात येणाऱ्या प्रत्येक गाठोड्याचं वजन आपण रोज वहीत लिहितोच. सरासरी, चढउतार, सगळं तिनं त्या वजनांवर गिरवलं आणि दुसऱ्या खेपेला पेपर सुटला.

प्रबंधाचा विषय तिनं घरचाच घेतला: धुलाईखान्यातल्या बायका घर आणि नोकरी कशी निभावतात. मार्गदर्शक सर तिच्या मुलाच्या वयाचे होते आणि तिला अहो-जाहो करताना अवघडून जायचे.

"विषय छान आहे," ते म्हणाले. "पण मुलाखती वीस हव्यात. एकही कमी चालणार नाही."

तिनं बोटांवर मोजलं. तिला सोडून खात्यात वीसच बायका होत्या, आणि विसावी होती तिची धाकटी जाऊ.

धाकटी इस्त्रीच्या विभागात होती. दोघींच्या मध्ये फक्त एक काचेचा दरवाजा, पण अकरा वर्षांत एक शब्द नव्हता. चादरी संपल्या तर "तिला सांगा" असा तिसरीच्या तोंडून निरोप जायचा. सासू दीड वर्ष अंथरुणाला खिळली होती ती धाकटीच्या घरी. ती गेली, आणि आठवडाभरानं धाकटी चारचौघांत म्हणाली, "काही जणी नुसत्या बघायला येत होत्या." मोठी हातातला कप तसाच ठेवून उठली, ती परत त्या घराची पायरी चढली नाही.

एकोणीस मुलाखती उरकून ती दोन आठवडे टाळाटाळ करत राहिली. शेवटी एका दुपारी ती काचेचा दरवाजा ढकलून आत गेली आणि संमतीचा कागद इस्त्रीच्या टेबलावर ठेवला.

"वाचून दाखवा," धाकटी मान वर न करता म्हणाली.

तिनं वाचलं. "मुलाखत देणारी व्यक्ती कोणत्याही क्षणी थांबू शकते."

"मग थांबते."

"अगं, अजून सुरू तरी कुठं झालीय?"

आसपासच्या बायका हसल्या. धाकटीच्याही ओठाचा कोपरा हलला. तिनं सही केली, आणि पाळी संपल्यावर दोघी मोकळ्या ट्रॉल्यांशेजारच्या बाकावर बसल्या.

पहिले प्रश्न सरळ होते. किती वाजता उठता, पोरांना कोण बघतं. मग आठवा प्रश्न आला: घरात आजारी माणूस असेल तर त्याचं कोण करतं?

धाकटी म्हणाली, "मी केलं. दीड वर्ष. रोज संध्याकाळी सासूबाई दाराकडे बघायच्या, मोठी आली का म्हणून. मी सांगायचे, तिची रात्रपाळी आहे. खोटं नव्हतं ते. पण रोज तेच तेच सांगवत नव्हतं."

मोठीच्या ओठांवर सगळं आलं होतं. ती रात्रपाळी मी मागून नव्हती घेतली. तुमच्याकडच्या चादरी मीच धुऊन पाठवत होते. पण सरांनी वर्षभर बजावलं होतं: मुलाखतीत वाद घालायचा नाही, समोरच्याला दुरुस्त करायचं नाही. तिनं पेन घट्ट धरलं.

"पुढं?" तिनं विचारलं.

"पुढं काय. पाठ मोडली होती माझी. कुणीतरी म्हणावं, तू निज, आज मी बसते, एवढंच हवं होतं. ते मिळालं नाही, म्हणून चारचौघांत तोंड सुटलं." धाकटीनं पदरानं नाक पुसलं. "हेही लिहिणार तुम्ही?"

"तू म्हणशील तर खोडते."

"राहू दे."

ती मुलाखत दोन तास चालली. शेवटी वही मिटून मोठी म्हणाली, "मी बसायला हवं होतं गं." तेव्हा प्रश्नावली संपलेली होती, त्यामुळे नियम मोडला नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी नेमकं तेच पान उघडलं. "ही मुलाखत इतरांच्या तिप्पट मोठी का?"

"ती माझी जाऊ आहे."

सरांनी डोळे मिटून घेतले. बाईंनी चष्मा काढला. "मग ते प्रबंधात लिहायला हवं होतं. नातं लपवून संशोधन होत नाही. तिची परवानगी घ्या, एक परिच्छेद जोडा आणि पंधरा दिवसांत आणून द्या."

ती त्याच संध्याकाळी अकरा वर्षांनी धाकटीच्या पायऱ्या चढली. धाकटीनं परिच्छेद दोनदा ऐकला. "'काही काळ संबंध ताणलेले होते,'" ती म्हणाली. "काही काळ? अकरा वर्षं लिहा."

तसं लिहिलं. प्रबंध मंजूर झाला, दुसरा वर्ग मिळाला. धुलाईखान्यात पगार वाढला नाही की काम बदललं नाही, पण प्रबंधाची एक प्रत धाकटीनं मागून नेली. पाहुणे आले की ती आतून काढते आणि सांगते, "नाव नाही घातलेलं, तसा नियम असतो. पण ही मीच." मोठी समोर असली तर एवढंच म्हणते, "गुपित ठेवायचं असतं गं ते," आणि चहा ठेवायला उठते.